पाणी नाही, रस्ता खड्ड्यात : तक्रार योग्य टेबलावर कशी पोहोचवायची

नळाचं पाणी आणि दारासमोरचा रस्ता स्थानिक स्वराज्य संस्थेने सांभाळायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो नेमक्या कोणत्या संस्थेने, हे ठरवताना. ग्रामपंचायतीकडे दिलेला अर्ज खरं तर जिल्हा परिषदेचा असतो, जिल्हा परिषदेकडे गेलेला सार्वजनिक बांधकामचा. महिनाभराने उत्तर येतं, 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही', आणि माणूस वैतागून नाद सोडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकाच कागदावर पाणी, रस्ता, गटार, दिवे आणि मोकाट कुत्री. असा कागद कोणत्याच टेबलावर टिकत नाही, कारण तो कोणत्याच एका टेबलाचा नसतो.

हा लेख महाराष्ट्रापुरता आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. पहिले चार टप्पे कार्यालयाची पायरी चढण्याआधीचे आहेत, आणि बहुतेक तक्रारींचं भवितव्य तिथेच ठरतं.

टप्पा १ : रस्ता कुणाचा, हे आधी शोधा

ग्रामीण भागात वाटणी साधारण अशी असते.

राष्ट्रीय महामार्ग : राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. तातडीच्या तक्रारीसाठी १०३३ ही हेल्पलाइन.

राज्य मार्ग (रामा) आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) : सार्वजनिक बांधकाम विभाग.

इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्राम मार्ग (ग्रामा) : जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग.

गावठाणातल्या गल्ल्या, अंतर्गत काँक्रीट रस्ते : ग्रामपंचायत.

पाणंद, शिवरस्ता, शेतरस्ता : अडवणूक किंवा अतिक्रमण असेल तर तहसीलदार. इथे बांधकाम विभागाकडे जाऊन काही होत नाही.

शहरात महापालिका किंवा नगरपालिका असली तरी हद्दीतला प्रत्येक रस्ता तिचा नसतो. गावातून जाणारा राज्य मार्ग शहराची हद्द लागली म्हणून आपोआप पालिकेचा होत नाही, रीतसर हस्तांतरण व्हावं लागतं. नव्या वसाहतींमध्ये तर विकासकाने अंतर्गत रस्ते पालिकेकडे सोपवलेलेच नसतात. अशा रस्त्यावर पालिका एक पाटी मुरूमही टाकणार नाही, आणि नियमाने तिचं बरोबर असतं. तिथे पहिली मागणी हस्तांतरणाची करायची, दुरुस्तीची नंतर.

जागेवर ओळखायचं कसं? किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर बहुधा ग्रामसडक योजनेचा रस्ता. दगड नसेल किंवा रंग उडाला असेल तर कामाचा फलक शोधा. कामाचं नाव, किंमत, कंत्राटदार, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) हे सगळं त्यावर असतं. मोबाइलमध्ये लगेच त्याचा फोटो घ्या. पुढच्या तक्रारीच्या वेळी फलक तिथे असेलच असं नाही.

तरीही कळलं नाही तर पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागात जा आणि 'या रस्त्याचा क्रमांक काय' एवढंच विचारा. तक्रार करू नका, नुसता क्रमांक मागा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बसवून ठेवतात, क्रमांक विचारणाऱ्याला पटकन उत्तर मिळतं.

इशारा : क्रमांकच नाही असं उत्तर आलं तर थांबा. रस्ते विकास योजनेच्या यादीत नसलेल्या रस्त्याला निधी लावता येत नाही. अशा वेळी खड्डे बुजवण्याचा अर्ज वर्षानुवर्षं फिरतो. ग्रामसभेचा ठराव करून रस्त्याला ग्राम मार्गाचा क्रमांक मिळवण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे पाठवायला लावणं हे पहिलं काम.

टप्पा २ : पाणी कुठे अडलंय, हे शोधा

पाण्याच्या बाबतीत जबाबदारी नळापासून मागे मागे जात शोधायची.

पहिला प्रश्न : तुमच्याच घरी पाणी नाही, की अख्ख्या आळीत नाही? फक्त तुमच्या घरी नसेल तर बहुतेक ठिकाणी फेरूलपासून (मुख्य लाइनला घरची लाइन जोडणारा तुकडा) घरापर्यंतची लाइन ग्राहकाने सांभाळायची असते. आधी प्लंबरला दाखवा. मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहा. काटा फिरत असेल तर गळती तुमच्या हद्दीत आहे.

दुसरा प्रश्न : टाकी भरते आहे का? गावच्या जलकुंभात पाणी चढत असेल आणि तुमच्याकडे येत नसेल, तर अडचण वितरणात आहे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडला जातो, वरच्या आळीत लोकांनी थेट लाइनवर मोटारी लावल्यात, किंवा लाइन फुटली आहे. हे ग्रामपंचायतीचं काम.

टाकीच भरत नसेल तर तिसरा प्रश्न : योजना कुणाची? एका गावापुरती योजना असेल तर ती बहुधा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाने बांधून ग्रामपंचायतीकडे दिलेली असते. अनेक गावांची मिळून प्रादेशिक योजना असेल तर ती जिल्हा परिषद किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवतं. जलजीवन मिशनमधलं काम अजून हस्तांतरित झालेलं नसेल तर ते पूर्ण करून देण्याचा बोजा कंत्राटदार आणि काम घेणाऱ्या विभागावर राहतो, ग्रामपंचायतीवर नाही. सरपंचावर राग काढण्याआधी 'योजना हस्तांतरित झाली का, कोणत्या तारखेला' हे विचारा. अर्धे वाद इथेच मिटतात.

चौथी गोष्ट लोक विसरतात ती वीज. पंपाचं बिल थकलं आणि महावितरणने जोड तोडला, किंवा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालं, की गावात 'पाणी नाही' अशी बोंब होते. पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहून रोहित्र बदललं जात नाही.

शहरात हा शोध तुलनेने सोपा आहे. महापालिकेत वॉर्डाचा पाणीपुरवठा अभियंता, नगरपालिकेत पाणीपुरवठा विभाग. काही शहरांत पाणी जीवन प्राधिकरण पुरवतं आणि बिलही तेच पाठवतं. बिलावर ज्याचं नाव, तक्रार त्याच्याकडे.

टप्पा ३ : मोजा, मगच लिहा

'पाणी कमी येतं', 'रस्त्याची चाळण झाली आहे' ही वाक्यं अर्जात निरुपयोगी. अभियंत्याला आकडा द्या.

पाण्यासाठी : १० लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ आणि एक वही. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि बादली भरायला किती सेकंद लागले, याची आठवडाभर नोंद ठेवा. समजा पाणी दिवसाआड ४० मिनिटं येतं आणि बादली ९० सेकंदांत भरते. ४० मिनिटांत साधारण २६ ते २७ बादल्या, म्हणजे जवळपास २६५ लिटर. पाच माणसांच्या घरात दोन दिवसांत २६५ लिटर, तर माणशी रोज २६ ते २७ लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे, मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी १३५ लिटर. आता अर्जात लिहा : 'प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी पाणी मिळते, सोबत आठवड्याची नोंद.' हे वाक्य टाळता येत नाही.

हीच मोजणी टाकीजवळच्या पहिल्या घरात आणि लाइनीच्या टोकाच्या घरात एकाच दिवशी करा. दोन्हींत मोठा फरक निघाला तर पाणी कमी नाही, वाटप चुकतंय. मग मागणी बदलते : नवी विहीर नको, व्हॉल्व्हचं वेळापत्रक आणि लाइनवरच्या मोटारींवर कारवाई हवी.

पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर एक गोष्ट नीट बघा. पहिली काही मिनिटं घाण येऊन मग स्वच्छ पाणी येतं का? तसं असेल तर लाइन कुठेतरी गटारातून गेलीये आणि तिथे फुटलीये. पुरवठा बंद झाला की रिकामी लाइन बाहेरचं पाणी आत ओढते. शेवटपर्यंत गढूळच येत असेल तर दोष उद्भवात (विहीर, बोअर, तलाव असा पाण्याचा मूळ स्रोत) किंवा शुद्धीकरणात आहे.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे (गावच्या पाण्याची देखरेख करणारा माणूस) ओ.टी. चाचणीचा, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायचा, संच असतो. त्याला तुमच्या नळावर चाचणी करायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोहोचतंय. टोकाच्या नळावर निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अवशिष्ट क्लोरीन असायला हवा. पाणी पिवळं झालंच नाही तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडत नाही, किंवा पडते पण इथवर टिकत नाही. जिवाणू तपासणीसाठी नमुना द्यायचा असेल तर घरच्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नसते. टाकीतून नाही, थेट लाइनच्या नळातून, थोडं पाणी वाहू देऊन नमुना घ्या आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

इशारा : आळीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागले तर अर्ज नंतर. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन, पाणी उकळून पिणं, आणि त्या लाइनचा पुरवठा थांबवायला लावणं.

रस्त्यासाठी : टेप घ्या. मोठ्या खड्ड्यांची लांबी, रुंदी, खोली लिहा. 'शाळेच्या फाटकापासून मंदिरापर्यंत २०० मीटर' अशी सुरुवात आणि शेवट द्या. फोटो दोन प्रकारचे : एक जवळून, शेजारी टेप किंवा चप्पल ठेवून, आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब क्रमांकासह दिसेल. नुसत्या जवळच्या फोटोतला खड्डा कुठलाही असू शकतो, आणि 'हा आमच्या रस्त्यावरचा नाही' असं उत्तर दिलं जातं.

टप्पा ४ : खड्डा की गळती?

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि मग दर दोन महिन्यांनी तोच खड्डा बुजवला जातो.

एखादा खड्डा पुन्हा पुन्हा त्याच जागी पडत असेल तर डांबराला दोष देण्याआधी खाली काय आहे ते बघा. कोरड्या दिवसात, पाऊस नसताना, खड्ड्यात पाणी आहे का? ते पाणी नळाला पाणी सुटण्याच्या वेळी वाढतं आणि नंतर उतरतं का? तसं असेल तर खाली फेरूल किंवा जॉइंट गळतोय. पाणी खडीतली माती धुऊन नेतं, वरचा थर पोकळ होतो आणि पहिल्या ट्रॅक्टरला खचतो. वरून कितीही डांबर ओता, खालून पाणी चालूच असतं.

खात्री करायची असेल तर त्याच ओ.टी. संचाने खड्ड्यातलं पाणी तपासा. पिवळं झालं तर ते नळाचं पाणी. रंग आला नाही तर गटाराचं किंवा जमिनीतलं असू शकतं. मात्र गढूळ पाण्यात क्लोरीन लवकर संपतो, म्हणून रंग न येणं हा पक्का पुरावा धरू नका.

गळती निघाली तर दोन अर्ज लागतील आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला पाणीपुरवठ्याला : गळती काढा. दुसरा रस्ते विभागाला, पहिल्याची पोच जोडून : गळती काढल्यानंतर रस्ता पूर्ववत करा. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, कधी एकाच जिन्यावर असले तरी एकमेकांना आपणहून कळवतील या भरवशावर राहू नका.

तपासा : पुढे जाण्याआधी तुमच्या हातात रस्त्याचा किंवा योजनेचा मालक, मोजलेले आकडे, तारखांसह फोटो आणि एकच नेमकी मागणी आहे का? यातलं एक जरी नसेल तर मागे जा.

टप्पा ५ : अर्ज लिहा

एक अर्ज, एक विषय, एक पान. अर्ज निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे नाही, पदनामाने. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच, पाणीपुरवठा किंवा बांधकामाचं काम असेल तर उपअभियंता, नगरपालिकेत मुख्याधिकारी, महापालिकेत प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाचा संबंधित अभियंता. पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी सगळ्यांना एकदम प्रती पाठवू नका. वरून खाली कागद 'योग्य कार्यवाहीसाठी' येतो तेव्हा तो शेवटी त्याच उपअभियंत्याकडे येतो, फक्त तीन आठवडे उशिराने.

नमुना असा ठेवता येईल :

प्रति, मा. उपअभियंता, बांधकाम उपविभाग, जिल्हा परिषद.
विषय : ग्रामा-(क्रमांक) या रस्त्यावरील खड्ड्यांची दोषदायित्व कालावधीत कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घेणेबाबत.

महोदय, सदर रस्त्यावर प्राथमिक शाळेच्या फाटकापासून मारुती मंदिरापर्यंत सुमारे २०० मीटर लांबीत ११ मोठे खड्डे पडले आहेत. सर्वांत मोठा खड्डा १.२ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल आहे. रस्त्याचे काम (तारीख) रोजी पूर्ण झाल्याचे फलकावर नमूद असून दोषदायित्व कालावधी अद्याप संपलेला नाही. तरी कंत्राटदारास नोटीस देऊन दुरुस्ती करून घ्यावी व केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी.
सोबत : फोटो ४, कामाच्या फलकाचा फोटो १.

'दोषदायित्व' हा मुद्दा टाकायला विसरू नका. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच असते, इतर कामांचा कालावधी फलकावर किंवा कार्यारंभ आदेशात (कंत्राटदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र) असतो. त्या काळात दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायची असते, म्हणून 'निधी उपलब्ध नाही' हे उत्तर लागू पडत नाही.

निधीचंच कारण पाण्यासाठी पुढे आलं तर एक प्रश्न विचारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायचा) होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. तो कुठे खर्च झाला, किती शिल्लक आहे, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाच्या नावाने दिसतं. छापून घेऊन जा. कागद समोर ठेवला की चर्चेचा सूर बदलतो.

वेळेचं भान ठेवा. डांबरीकरण भर पावसाळ्यात होत नाही. जुलैमध्ये 'रस्ता डांबरी करा' असा अर्ज दिला की 'पावसाळ्यानंतर' हे उत्तर ठरलेलं. त्या वेळी मागायची ती तात्पुरती मलमपट्टी : खडी, कोल्ड मिक्स (न तापवता वापरायचं डांबरी मिश्रण) किंवा पेव्हर ब्लॉक. पूर्ण थराची मागणी दिवाळीच्या आत द्या, म्हणजे अंदाजपत्रकाच्या तयारीत ती बसू शकते. पाण्याचंही तसंच. जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. एप्रिलमध्ये विहीर आटणार हे गावाला जानेवारीतच कळलेलं असतं. मग टँकरचा किंवा खासगी विहीर अधिग्रहणाचा ग्रामपंचायत ठराव तेव्हाच करून गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवायला हवा. हंडा मोर्चा काढल्यावर ठराव लिहायला बसणारी गावं दर उन्हाळ्यात दिसतात.

टप्पा ६ : पोच

अर्जाच्या दोन प्रती. एक आवक विभागात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. 'साहेबांच्या हातात दिलाय' ही पोच नाही. 'व्हॉट्सॲपवर पाठवलाय, निळी खूण आलीये' हीसुद्धा नाही. कार्यालय घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच मिळाल्याचा पुरावा जपून ठेवा. महापालिकेच्या ॲपवर किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार केली तर टोकन क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

साधारण १५ दिवसांनी स्मरणपत्र द्या. त्यात नवं काही लिहायचं नाही : पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक, तारीख आणि 'अद्याप कार्यवाही नाही' एवढंच. नवा मजकूर घातला की नवा अर्ज समजला जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर जातं.

तपासा : शिक्क्यावरची तारीख वाचता येते का? अस्पष्ट असेल तर तिथेच पुन्हा मारून घ्या.

टप्पा ७ : माहिती अधिकार, पण मोजून मापून

कार्यवाही नसेल तर माहितीचा अर्ज द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर हवं. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

लोक इथे 'रस्ता का झाला नाही?' असं विचारतात. 'का' ला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा :

अर्ज आवक क्रमांक (…) वर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.
सदर कामाचा कार्यारंभ आदेश आणि दोषदायित्व कालावधीची अखेरची तारीख.
मोजमाप पुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती.
कंत्राटदाराला दिलेल्या नोटिसांच्या प्रती.
कंत्राटदाराची सुरक्षा अनामत परत केली आहे का, असल्यास तारीख.

पहिलाच मुद्दा बऱ्याचदा काम करून जातो. टिपणीच नसेल तर ती लिहावी लागते, आणि ती लिहिणारा माणूस तुमची फाइल उघडतो. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. रस्त्याचं काम चालू असताना तो वापरणारे फार थोडे.

इशारा : अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तरी त्या भरवशावर राहू नका, टप्पा १ आणि २ त्यासाठीच आहेत.

टप्पा ८ : वरची पायरी कोणती, हे निवडा

इथे बऱ्याच जणांची गाडी घसरते, कारण प्रत्येक दार प्रत्येक तक्रारीसाठी नसतं.

लोकसेवा हक्क कायदा, २०१५. ठरावीक मुदतीत द्यायच्या अधिसूचित सेवांसाठी आहे. शहरांत नवीन नळजोडणी, नादुरुस्त मीटर, पाण्याचा दाब आणि गुणवत्ता यांच्या तक्रारी अशा बाबी या यादीत दिसतात. कार्यालयाबाहेरच्या फलकावर सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी लिहिलेले असायला हवेत. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. खड्डा या यादीत नसेल तर हे अपील करून वेळ घालवू नका.

लोकशाही दिन, म्हणजे तक्रार थेट अधिकाऱ्यांसमोर मांडायचा ठरलेला दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकांमध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. पन्नास सह्यांचं निवेदन इथे स्वीकारलं जात नाही. 'माझ्या घराला माणशी २६ लिटर पाणी मिळते' ही तक्रार चालते, 'गावाला पाणी मिळत नाही' ही परत येते. गंमत अशी की गावाचा प्रश्न सोडवायला इथे एका घराचा कागद जास्त उपयोगी पडतो.

ग्रामसभा. वर्षातून किमान चार, सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातलं जे कमी ते लागतं. विषय आधी लेखी द्या, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' मध्ये शेवटी जातो, तोवर माणसं पांगलेली असतात. ठराव लिहिताना शेजारी उभे राहा. सूचक, अनुमोदक आणि रस्त्याचा क्रमांक इतिवृत्तात आला का ते बघा. 'रस्त्याबाबत चर्चा झाली' असं लिहिलं असेल तर तो ठराव नाही.

अधिकाऱ्यांची चढती साखळी. गावात गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. नगरपालिकेत मुख्याधिकारी, मग जिल्हाधिकारी. महापालिकेत उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता, आयुक्त. एकेक पायरी चढा आणि प्रत्येक पत्राला मागची पोच जोडा.

खड्ड्यामुळे अपघात झाला असेल तर रस्ता वेगळा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निदर्शनास आणलेल्या खड्ड्याकडे ४८ तासांत लक्ष देण्याचंही त्यात आहे. भरपाई ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात, तेव्हा चौकशी तिथून सुरू करा. अपघातानंतर त्याच दिवशी खड्ड्याचे फोटो, पोलिसांकडे नोंद आणि रुग्णालयाचे सगळे कागद जपा. रात्रीत खड्डा बुजवला जाऊ शकतो, आणि मग खड्डा होता हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. याच कारणासाठी टप्पा ६ मधली आवक तारीख मोलाची : ४८ तास कधीपासून मोजायचे ते तिच्यावर ठरतं.

टप्पा ९ : काम झालं असं कळल्यावर

पोर्टलवर 'निकाली' असा संदेश आला म्हणजे काम झालं असं नाही. जागेवर जा. तक्रार चुकीची बंद केली असेल तर ती पुन्हा उघडण्याची सोय आहे का पाहा. नसेल तर जुना टोकन क्रमांक आणि आजच्या तारखेचा फोटो जोडून नवी टाका.

खड्डा बुजवताना कडा चौकोनी कापून, सैल खडी आणि पाणी काढून, डांबराचा हात मारून मग मिश्रण भरायचं आणि दाबायचं असतं. ओल्या खड्ड्यात वरून पाटी रिकामी करून फावड्याने थोपटलेलं दिसलं तर तिथल्या तिथे व्हिडिओ घ्या आणि अभियंत्याला पाठवा. काम झाल्यावर चार दिवसांनी तक्रार करण्यापेक्षा काम चालू असतानाचा एक फोन जास्त कामाचा. पॅच आजूबाजूच्या रस्त्याशी समपातळीत आहे का, साईडपट्टीवर मुरूम भरला का, पाणी गटाराकडे उतरतंय का, हे बघा.

पाण्याची गळती काढली असेल तर खड्डा लगेच डांबराने झाकू देऊ नका. पुरवठ्याची एक-दोन आवर्तनं जाऊ द्या, जॉइंट कोरडा राहतो का पाहा, मग रस्तेवाल्यांना बोलवा. नवी लाइन टाकली असेल तर ती लगेच पिण्यासाठी सुरू करायची नसते. आधी धुऊन, जास्त क्लोरीन घालून, ते पाणी वॉशआऊटमधून (लाइन रिकामी करायचं तोंड) सोडून द्यायचं असतं. हे झालं का, एवढं जलसुरक्षकाला विचारा. मग बादली आणि घड्याळ घेऊन पुन्हा आठवडाभर नोंद करा, त्याच दोन घरांत, पहिल्या आणि शेवटच्या.

काम पूर्ण झाल्याची तारीख आणि नवा दोषदायित्व कालावधी लेखी मागून घ्या आणि जुन्या पोचेला टाचणीने लावून ठेवा.